नाकारलेला माल

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज नोकरीचा पहिला दिवस, आणि तो चक्क चांगला गेला. हे आधी लिहून ठेवते, कारण माझ्या वहीत तक्रारींशिवाय काही सापडत नाही असं श्रीहरीचं मत आहे. नवऱ्यांना मतं असतात.

मिरज सोडून हुबळीला येऊन महिना झाला. त्याची नेमणूक विद्यानगरच्या कॉलेजात, घरही तिथेच भाड्याचं. सोबत सासूबाई, आणि आठ महिन्यांची आमची सावनी. बाळंतपणानंतर आज पहिल्यांदा इस्त्रीचा कुडता घातला, खांद्यावर दुधाचा डाग न घेता बाहेर पडले, आणि चिगरी म्हणतात त्या इथल्या शहर बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. रायापूरला उतरले तेव्हा मी मनातल्या मनात गुणगुणत होते.

कंपनी जनावरांचं खाद्य बनवते. आवारात सरकीची पेंड आणि मळी यांचा वास नाकात शिरतो, पण आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर, काचबंद. काम माझ्या जिवाचं. कंपनीचा सगळा कारभार वेबवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये आकृत्या काढून मांडलेला आहे. माल कुठून येतो, कोण तपासतं, कोण मंजूर करतं. प्रत्येक कामाची एक चौकट, आणि चौकटीतून चौकटीत जाणारे बाण. या आकृत्या नीट लावायच्या, आणि कोणती कोणाला नुसती दिसावी, कोणाला बदलता यावी, मंजुरी कोणी द्यावी, हे ठरवून द्यायचं. थोडक्यात कपाटं लावायची आणि किल्ल्या वाटायच्या. ज्या बाईला चमचेसुद्धा मापाने लावल्याशिवाय झोप येत नाही तिला याहून काय हवं?

टेबल मात्र गलिच्छ. माझ्या आधी भीमसेन नावाचे गृहस्थ इथे बसायचे, मागच्याच आठवड्यात सोडून गेले. माऊस इतका चिकट की हात उचलला तर तोही सोबत वर आला. कीबोर्डच्या फटींत पिवळट काहीतरी साचून वाळलेलं. स्पिरिट मागवून तीनदा पुसलं. भीमसेनांच्या आईने त्यांना हात धुवायला शिकवलं नसावं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज खातं मिळालं. आकृत्या बदलायचं लायसन्स कंपनीकडे एकच आहे. संगणक विभागातल्या उमेशसरांकडे मी नवीन खातं मागितलं तर ते हसले. नवीन कशाला, भीमसेनचं आहे की, नाव तेवढं बदलतो, स्वल्प अडजस्ट माडी, म्हणजे थोडं जुळवून घ्या, म्हणाले. भीमसेनलाही ते असंच आधीच्या माणसाकडून मिळालं होतं म्हणे. मला एक मेल आली, मी ‘होय’ म्हटलं, आणि दोन मिनिटांत त्याचं नाव गेलं, माझं आलं. कोणाच्या उष्ट्या ताटात वाढून दिल्यासारखं वाटलं, पण तिसऱ्याच दिवशी भांडायला नको म्हणून गप्प बसले.

नाव बदललं आणि मागचं सगळं माझ्या नावावर चढलं. सहा वर्षांतल्या चारशे बारा आकृत्या, प्रत्येकीखाली ‘जबाबदार व्यक्ती: दीपश्री’. एवढी कर्तबगारी फुकटात मिळाली म्हणून घरी सांगितलं, तर सासूबाईही हसल्या. त्या सहसा हसत नाहीत.

सोमवार, १० नोव्हेंबर

एक घाणेरडी गोष्ट सापडली.

‘नाकारलेला माल’ नावाची चौकट आहे. बुरशी आलेली, भिजून कुजलेली, अळ्या पडलेली पोती तिथे काढून ठेवतात. त्या चौकटीतून एकच बाण निघायला हवा, बाहेर फेकण्याकडे. इथे दुसराही आहे, सरळ ‘मिश्रण’ या चौकटीत. म्हणजे जे जनावराच्या तोंडाला लावायचं नाही म्हणून बाजूला काढलं, तेच मळीत कालवून पुन्हा जनावराच्या पुढ्यात. खाली दर महिन्याची मंजुरी आहे, आणि प्रत्येक मंजुरी माझ्या नावाने. १० मार्चचीसुद्धा. त्या दिवशी मी मिरजेच्या दवाखान्यात सावनीला पहिल्यांदा हातात घेतलं होतं.

उमेशसरांना दाखवलं. बाण पहिल्यापासून आहे, वरच्यांनी घातलाय, तुम्ही त्याच्याकडे बघू नका मॅडम, असं त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं. मी बाण पुसला आणि घरी आले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बाण परत आलाय. तीनदा पुसला, तीनदा आला. शेवटी परवानग्या उघडून बघितल्या: तो बाण बदलायचा हक्क या खात्याला नाहीच, पुसलेलं साठवलंच जात नाही. मंजुरी तेवढी याची. ती महिन्याच्या दहा तारखेला आपोआप पडते. या महिन्याचीही पडली, माझ्या नावाने.

आणि माझी बोटं चिकट झाली आहेत. साबणाने धुते, कोरडी करते, आणि घटकाभरात पेरांवर पुन्हा ओलसर थर. जुन्या ओल्या फडक्याला येतो तसा वास. दुपारी डबा उघडला तर सकाळचा ताजा दहीभात आंबून गेलेला. पहिल्या घासाला बोटांपासून भातापर्यंत बारीक तार सुटली. मी डबा बेसिनमध्ये ओतला आणि बराच वेळ तिथेच ओकाऱ्या काढत उभी राहिले. शेजारच्या बाईने पाणी दिलं, पण पेला परत घेतला तो पदराने धरून.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आता घरातही तेच. मी हात लावलेलं दूध फाटतं. कणीक मळली तर परातीत बुडबुडे येतात आणि वास सुटतो. सासूबाईंनी मला हलक्या आवाजात स्वयंपाकघराबाहेर बसायला सांगितलं. माझ्या स्वच्छतेचे टोमणे ऐकत त्यांनी चार वर्षं काढली आहेत. वसूल करतील असं वाटलं होतं. त्यांनी केलं नाही, याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी सावनीला मऊ भात भरवायला घेतला. चमचा तोंडाशी नेला आणि तिने मान फिरवली. भातातून चमच्याला लोंबणारी तार मला तेव्हा दिसली. मग मी तिला अंगावर घेतलं. तिने तोंड लावलं, आणि असं काढून घेतलं की— तोंड वाकडं केलं तिने. आठ महिन्यांच्या लेकराने. माझ्याकडे बघून.

सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं. मी न्हाणीघरात जाऊन स्वतःचा वास घेतला. किळस आली. दुसऱ्याची येते तशी, माझी मला.

रविवार, २३ नोव्हेंबर

श्रीहरी मला देशपांडे नगरात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी हातमोजे घातले, मलम दिलं, त्वचेला काहीही झालेलं नाही म्हणाले. श्रीहरी औषधं आणायला गेला तेव्हा काउंटरवरच्या बाईने जुने रिपोर्ट न्यायला आलेल्या एका माणसाला हाक मारली. भीमसेन. चाळिशीचा, पांढराशुभ्र शर्ट, नखं कापलेली, अंगाला चंदनाच्या साबणाचा वास.

मी त्याला गाठलं. माझे हात बघून तो दोन पावलं मागे सरला. त्याला सगळं माहीत होतं. फिरवाफिरव न करता त्याने सांगितलं. त्याच्या आधीच्या माणसाचंही हेच झालं होतं. राजीनामा देऊन, घरी बसून काही होत नाही. ज्याच्या नावावर खातं, त्याच्या अंगावर ते. नाव बदललं की सुटतं.

“माझं नाव तिथनं निघालं त्या दिवशी मी सहा महिन्यांनी पोटभर जेवलो बघा, बाई.”

मला आधी का सांगितलं नाही, असं मी ओरडले. लोक बघायला लागले. तो खाली बघत म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही आला असता होय?” आणि रिक्षात बसून निघून गेला. नालायक माणूस. त्याच्या त्या पांढऱ्या शर्टावर थुंकावंसं वाटलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

तीन दिवस रजा घेऊन बघितली. फरक नाही. मग आज जाऊन राजीनामा दिला. उमेशसर म्हणाले, जावा की, पण तुमच्या जागी माणूस येईपर्यंत नाव तसंच राहणार. खातंच पुसून टाका म्हटलं तर चारशे बारा आकृत्या त्याच्या मालकीच्या, त्या पण जातील, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. नाव कोरं ठेवा म्हटलं. कोरं ठेवता येत नाही. कोणातरी जिवंत माणसाने मेलवर ‘होय’ म्हणावं लागतं.

खुर्चीवर माझ्या हातांचे ओले ठसे उठले होते. सरांनी ते बघितले, आणि मग खिडकीबाहेर बघत बसले.

सावनी नऊ दिवस बाटलीवर आहे. मी खोलीत आले की रडते. मला तिचा वास घ्यायचा आहे फक्त. टाळूचा. दारातूनच बघते—

सोमवार, १ डिसेंबर

माझ्या जागी मुलगी आली. वनिता. अळणावरजवळच्या खेड्यातली, बाप तुकाराम वीटभट्टीवर. डिप्लोमा केलाय. घराण्यात ऑफिसच्या खुर्चीत बसणारी पहिली. आल्या आल्या माझ्या पाया पडली, आणि मी मागे सरायच्या आत माझे दोन्ही हात हातात घेतले.

दोन आठवड्यांत मला कोणी शिवलेलं नाही.

तिने हात नाकाशी नेऊन बघितले आणि हसली. “अक्का, आम्ही म्हशीखालची माणसं. आम्हाला कसला वास?” मग तिने बादली भरून आणली आणि माझे हात चोळून चोळून धुतले. धुऊन झाल्यावर पुन्हा ओले. ती पुन्हा धुवायला बसली. मला रडू आलं. तिला वाटलं मी आजारी आहे. मी नाही म्हटलं नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

चौकटी, बाण, परवानग्या. भराभर शिकतेय. पहिल्या पगारात बापाला चप्पल घेणार आहे. दुपारी तिच्या डब्यातली भाकरी माझ्यापुढे ठेवली. मी हात लावला नाही. ती खाताना बघत राहिले. किती चवीने खाते.

उमेशसरांनी विचारलं, नाव कधी बदलायचं. उद्या सांगते म्हटलं.

सांगणार आहे तिला. सगळं. भीमसेनसारखी मी नाही—

बुधवार, ३ डिसेंबर

सांगितलं नाही.

म्हणजे तोंड उघडलं होतं. बाण दाखवला. तिने वाचलं, “शी, हे कुजकं घालालेत होय जनावरांना?” म्हणाली. आता सांगावं. तेवढ्यात घरून फोन. सावनीला ताप. मला घेऊ देत नाहीत तिला. आई असून मी दारात—

वनिता म्हणाली, अक्का तुम्ही घरला जावा. मी सरांना सांगतो, खातं उद्या माझ्या नावावर करून द्या म्हणून. मेल आली की होय म्हणतो. तुम्ही बाळाला बघा.

मी तिच्याकडे बघितलं. एक वाक्य होतं. एकच.

“बरं,” म्हटलं.

गुरुवार, ४ डिसेंबर. सकाळ

ऑफिसला गेले नाही. अजून वेळ आहे. एक फोन केला की— हात ओले आहेत. फोन निसटतोय. पुसून करते.

सावनी आत रडतेय.

दुपार

सव्वाबाराला हात कोरडे झाले.

आपोआप. पुसले नाहीत. वास नाही. पाणी पिऊन बघितलं, गोड लागलं. सासूबाईंनी सावनीला आणून मांडीवर दिलं. ताप उतरलाय. ती प्यायला लागली. घट्ट धरून. माझ्या बोटाला तिने मूठ घातली आहे, डाव्या हाताच्या. उजव्याने लिहितेय.

तिच्या टाळूला तेलाचा वास येतो.

फोन वाजतोय. वनिता.

थांबला.

परत वाजतोय. तिसऱ्यांदा. सासूबाई बाहेरून विचारतात, दीपा, कोण आहे? ऑफिसचं काही असेल, म्हटलं. आवाज किती साधा आला. शिसारी येते मला या आवाजाची— त्या तारेची आली नव्हती एवढी.

तिच्या जेवणाची वेळ आहे ही. डबा उघडला असेल तिने. विचारत असेल, अक्का, हे भाकरीला काय—

उचलते. आता उचलते. सावनी पितेय, हात मोकळा नाही, हिचं झालं की लगेच, हिला एवढं पोटभर पिऊ