सरांचं झाड, आपला हौद

डब्लिन, ओहायो
१४ नोव्हेंबर २००४

ती. आईस,
गिरिजाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक, तुझ्या नातवाचा खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

माझे चित्रकलेचे झ्लात्को सर गेले गं. मूळचे क्रोएशियाचे, इथल्या लायब्ररीत दर शनिवारी निसर्गचित्रं शिकवायचे. समोरचं पोटभर बघून घ्यायचं आणि मग पाठ फिरवून काढायचं, ही त्यांची पद्धत. मी वळून बघितलं की असे ओरडायचे! स्वतः मात्र नेहमी गावचं घरच काढायचे, शेजारी ऑलिव्हचं झाड. तिकडे परत जाणं काही झालं नाही.

अंत्यविधीला त्यांची बहीण आली होती. चित्रं बघून म्हणाली, "झाड घराच्या दुसऱ्या बाजूला आहे." सर तिला चित्रांचे फोटो पाठवायचे, पण इतक्या वर्षांत तिला हे सांगवलं नाही.

डिसेंबरचं तिकीट यंदाही कॅन्सल करावं लागलं, रजा मिळेना. वाईट वाटून घेऊ नकोस.

काल मी आपलं परसदार काढलं. हौद दाराच्या डावीकडे काढलाय. चुकला असेल तर आई, तू मात्र सांग.

तुझी,
गिरिजा