इलाबाईचं सासर

संग्रामपूर,
१४ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. शालूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे नागपुरात खुशाल असाल असं धरून चालतो. गुडघ्याला तेल लावतेस ना? इकडे शरीराने आम्ही दोघं बरे आहोत. बाकी तुझ्या इंद्रभानने माझ्या म्हातारपणाची पार वाट लावली आहे, ते सविस्तर लिहितो.

त्याने जुना कॉम्प्युटर आमच्याकडे पाठवला (मास्तरकी संपली, मामा आता पत्रं तरी टाइप करतील, हा त्याचा सद्हेतू), त्यात एक खेळ राहून गेला होता. एलेना नावाची वीसेक वर्षांची पोरगी लढाईत हरवलेल्या बापाला शोधायला निघते, आणि आपण म्हणजे तिच्यासोबतचा म्हातारा गाडीवान. वाटेत ती काहीबाही विचारते. आपण तीन उत्तरांतलं एक निवडायचं. सगळं इंग्रजीत. मी सहज उघडून बसलो, तर तुझी वहिनी मेथी निवडता निवडता जवळ आली. म्हणाली, "ते पोरगी काय म्हणून राह्यली? मलेबी सांगा ना."

आमच्या घरात पोरबाळ नाही, त्यामुळे भांडायलाही विषय नव्हता. मी रिटायर झाल्यावर तर 'वाढू का' आणि 'वाढ' एवढ्यावर दिवस निघायचा. आता मी मराठी करून सांगायचो आणि उत्तर वहिनी ठरवायची. एकदा एलेना "थकले" म्हणाली, आणि मी न विचारता "चालत राहा" हे उत्तर दाबलं, तर तुझी सत्यभामावहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (लाइट गेली की म्हणायची, "इलाबाई अंधारात बसली असन." एलेनाची इलाबाई कधी झाली, मला कळलंच नाही.)

मागच्या महिन्यात खेळ संपला. शालू, ती मेली गं. बाप जेमतेम एका गावाच्या अंतरावर राहिला असताना, तापाने. आम्ही सगळी उत्तरं मायेची दिली होती, तरी. पडद्यावर बर्फ, मातीचा ढीग आणि त्यावर तिचा लाल रुमाल. वहिनीने विचारलं, "काय लिहेल हाय हो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बाप भेटला. लगन ठरलं तिचं." चौतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, त्याच तोंडून!

तेव्हापासून रोज दुपारी मी त्या संपलेल्या खेळापुढे बसून उगाच कळा दाबतो आणि इलाबाईचं सासर रचतो. सासू कजाग केली, तर वहिनी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सासू सुधारावी लागली. सासरचं गाव कोणतं विचारलं, तर मी घाबरून आपलं शेजारचं जळगाव जामोद म्हणालो. आता बसने जाऊन येऊ म्हणते. मला घास जात नाही, शालू. मेलेल्या पोरीला मी किती दिवस नांदवू?

तुझा,
शेषरावदादा

ता. क. खेळाचा दुसरा भाग निघाला असेल आणि त्यात ती जिवंत असेल, तर इंद्रभानला तो पाठवायला सांग.

ता. क. पाकीट चिकटवायला दिलं, तर वहिनीने पत्र वाचलं. (तिला इंग्रजी येत नाही, मराठी येतं, हे मी विसरलो.) म्हणाली, "मातीचा ढीग मले दिसला नसन का?" मी म्हटलं, "मंग बोलली काऊन नाहीस?" तर म्हणाली, "तुम्ही बोलून राह्यले होते ना."

ता. क. दुसरा भाग पाठवू नये. इलाबाईला सातवा महिना लागला आहे (तिकडे दिवस भराभर जातात) आणि वहिनी रोज खोदून खोदून विचारते. त्यातलं आम्हा दोघांनाही काही माहीत नाही. तू तीन बाळंतपणं काढलीस. सगळं क्रमाने लिहून पाठव. उशीर करू नकोस.