जात्याचा आवाज

प्रिय दादा,

गुडघा कसा आहे? तेल लावतोस, की नुसता बाटलीकडे बघत बसतोस? इकडे पुढच्या महिन्यातल्या लग्नाची तयारी जवळपास झाली. तुझी भाची नवरीचा झगा घालून इतका वेळ आरशासमोर उभी राहते की आरसाच कंटाळला असेल.

यांचं मात्र ठीक नाही. ताप नाही, खोकला नाही, पण डोक्यात बाबेल शिरली आहे. बायबलातलं त्या मोठ्या नगरीच्या नाशाचं भाकीत आठवतं ना? लहानपणी उपासनेत ते वाचलं की तू माझा हात घट्ट धरायचास आणि वर मलाच भित्री म्हणायचास. तिथे जात्याचा आवाज ऐकू येणार नाही, दिवा उजळणार नाही, नवरा-नवरीचा आवाज कानी पडणार नाही. हे म्हणतात, ती नगरी म्हणजे आपलंच शहर. चर्चचे पाळकसाहेब समजवायला येऊन बसले. बाबेल केव्हाच मातीला मिळाली, कुणी तिचा अर्थ त्या काळच्या सम्राटाची राजधानी असा लावतात, कुणी माणसाचा माज, असं शांतपणे सांगितलं. यांनी त्यांना चहा दिला आणि शहर सोडायला सांगितलं. स्वतः मात्र खुणा पुऱ्या झाल्याशिवाय हलणार नाहीत म्हणे.

गेल्या आठवड्यात आपली पिठाची गिरणी बंद पडली. हे घरी आले ते पांढरेफटक, आणि ते काही पिठामुळे नव्हतं. जातं थांबलं, एवढंच म्हणाले. मग घरातले दिवे गेले, शेजारी मात्र लख्ख उजेड. वाटलं, यांचंच खरं असलं तर?

काल पलंगाखाली झाडताना गिरणीचा पट्टा सापडला. फडक्यात नीट गुंडाळलेला, सोबत घरातले फ्यूज. तेव्हापासून मला त्या नगरीची भीती वाटत नाही, यांची वाटते. आता एकच खूण उरली आहे, आणि ती शेजारच्या खोलीत गुणगुणत झग्याला मणी शिवते आहे. ती मोठ्याने हसली की हे मान वर करून ऐकत राहतात.

म्हणून लिहिते आहे. पत्र मिळताच निघ. वाद घालू नकोस, समजावू नकोस. एवढंच म्हण, की नाशाच्या नगरीतून पोरीला बाहेर काढायला आलोय. भाकितात तसा हुकूमच आहे, बाहेर निघा म्हणून. हे अडवणार नाहीत, तिची पेटी स्वतः उचलून देतील. लग्न तुझ्या अंगणात लाव. मला चल म्हणू नकोस, यांना एकटं कसं सोडू? फक्त त्या दिवशी तिला पोटभर हसू दे.

तुझीच भित्री,
चिमणी