झोताच्या कडेला

प्रिय सावनी,

परवा तू फोनवर दुसऱ्या टॉर्चबद्दल विचारलंस आणि मी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. उभा जन्म गाड्यांच्या हेडलाइटचे रिफ्लेक्टर डिझाइन करण्यात घालवलेल्या बापाने टॉर्चचा विषय टाळावा, हे तुला खटकलं असणारच. फोनवर बोलणं जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

आयटीतली नोकरी सोडून तू आणि परीक्षित, दोघं नवरा-बायको, दक्षिण जॉर्जियात भुईमूग लावायला निघालात, तेव्हा तुझ्या आईने घर डोक्यावर घेतलं होतं. मी मात्र मनातून खूश होतो. रानडुकरांनी पहिलंच पीक उकरून टाकलं, तरी तू रडत बसली नाहीस, रीतसर बंदूक चालवायला शिकलीस. आपल्या घरात झुरळ मारायलाही शेजाऱ्यांना हाक मारावी लागायची, त्या घरातली तू.

रात्रीच्या शिकारीसाठी टॉर्च निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मला मूठभर मांस चढलं. लोक खोक्यावरचा लुमेनचा आकडा बघून भुलतात. लुमेन म्हणजे नुसता एकूण उजेड, तो जातो कुठे हे रिफ्लेक्टर ठरवतो. रिफ्लेक्टर रुंद, खोल आणि आरशासारखा गुळगुळीत असला की मधे घट्ट ठिपका पडतो आणि झोत लांब जातो. तोच संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत केला की पल्ला थोडा घटतो, पण उजेड कडेपर्यंत मऊ पसरतो. मी एक्सेल शीट केली, टॉर्च मागवले आणि अल्फारेटातल्या आपल्या घरामागच्या डेकवरून ट्रायल घेतली. झोत थेट मागच्या घराच्या बेडरूममध्ये. कॉलनीच्या असोसिएशनची जी खरमरीत ईमेल आली, ती तुझी आई अजून पाहुण्यांना वाचून दाखवते.

मी अर्थातच सगळ्यात लांब पल्ल्याचा, गुळगुळीत टॉर्च आणला. तू तो हातात घेऊन म्हणालीस, की बाबा, स्पॉट जबरदस्त आहे, पण साइडचं काहीच दिसत नाहीये यार, मला एजेस हव्यात. मी हिरमुसलो, पण तुझ्या हट्टाने खरबरीत रिफ्लेक्टरवालाच ठेवला. बरोबर तूच होतीस.

गेल्या महिन्यात त्या रात्री शेतात बंदूक तुझ्याकडे होती आणि टॉर्च माझ्याकडे. डुक्कर झोताच्या मधोमध उभं, तुझं बोट चापावर, आणि तू एकदम बंदूक खाली केलीस. परीक्षित कुंपण बघायला म्हणून कुणाला न सांगता त्या बाजूने चालत आला होता, आणि उजेडाच्या कडेला तुला त्याची बाही दिसली. डुक्कर पळालं. तू परीक्षितला मनसोक्त झापलंस आणि मग आम्हा दोघांना थर्मासमधला चहा दिलास. तुझा तेव्हा वाटला तेवढा अभिमान मला तुझ्या कुठल्याही डिग्रीचा वाटलेला नाही. तुम्ही दोघं मात्र येईल त्याला सांगता, बाबांच्या टॉर्चने वाचवलं.

खरी गोष्ट अशी, की मला परीक्षित दिसलाच नाही. टॉर्च माझ्याच हातात होता, कडेलाही चांगला उजेड होता, तरी मला फक्त मधलं डुक्कर दिसत होतं. मनाला खटकलं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ग्लॉकोमा आहे, म्हणजे काचबिंदू. कडेची नजर बरीच गेली आहे, ती परत यायची नाही. उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल म्हणतात. तेव्हा यापुढे टॉर्च मी धरणार नाही, दुसरं माणूस बघ. आईला सगळं सांगितलंय. माझं मी निभावून नेईन, पण हा आजार बापाकडून लेकरांकडे येऊ शकतो आणि बराच पुढे जाईपर्यंत कळतही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हापासून मला झोप नाही. मला भीती वाटते, सावनी. काढणी थांबली तरी चालेल, या आठवड्यात डोळे तपासून घे आणि काय निघेल ते आधी मला सांग.

तुझाच,
बाबा