राजाच्या पुढे

चि. एलियासर यास कुस्कोहून वडिलांचा आशीर्वाद.

"सणात कुसीने नुसता रस्ता झाडला," असे तू बहिणीला कळवलेस. ते विधान अपुरे आहे. सूर्योत्सवात इंका राजाचे सोंग घेतलेल्याची पालखी निघते, तेव्हा तिच्यापुढची वाट झाडण्याचा मान मोजक्याच मुलींना मिळतो. त्यांनी झाडल्याशिवाय पालखी सरकत नाही. तुझी मुलगी त्यांत सर्वांत पुढे होती.

मी टेकडीवर फुकट्या प्रेक्षकांत उभा होतो. मागून बटाटेवाली ओरडली, "ओ मास्तर, टोपी काढा की! सूर्यदेव काय तुमच्या एकट्यासाठी आलाय?"

"ती पहिली माझी नात आहे."

"मग आम्हालाही बघू द्या की तिला! बसा खाली!"

मी टोपी काढली. बसलो मात्र नाही.

"तिला पुन्हा झाडू धरायला पाठवणार नाही," असेही तू लिहिलेस. कुसी वीस वर्षांची आहे. तिचे ती ठरवील. म्हणून हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तरीही तारखा बिनचूक असाव्यात.

उत्सव: २४ जून. तू लिहिलेला २१ जून चूक.

"आपल्या घरात हे काम कोणी केले नाही": चूक. २४ जून १९७४ रोजी तुझी आई सातुर्निना त्याच जागी झाडत होती.

तुझा जन्म: ९ ऑक्टोबर १९७४. दाखल्यावरचा पुढच्या वर्षीचा मार्च चूक; आमच्या लग्नाच्या तारखेशी जुळावा म्हणून तो मीच लिहवला. म्हणजे त्या दिवशी राजाच्या पुढे तूही होतास.

तुझे वडील,
फाउस्तीनो