टेबलाजवळची खाट

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मला सध्या वाकता येत नाही. दिवसभर उभं राहून कंबरेनं संप पुकारलाय, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचं घोरणं कमी झालं की तुलाच सवय झाली? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरकी शिकायला आले आणि आल्या आल्या अख्ख्या वॉर्डात रडारड घडवून आणली. आईच्या कानावर अर्धंमुर्धं गेलंच आहे. ती तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सगळं लिहिते.

अगं, आमच्या वॉर्डात एक आजी आहेत. जन्मभर शिवणाचा क्लास चालवला, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. पहिल्याच दिवशी माझ्या ॲप्रनची उसवलेली बाही बघून, 'हे ज्यानं शिवलं त्याचे हात मोडले होते का?' असं त्यांनी भर वॉर्डात विचारलं होतं. त्यांचं दुखणं पोटाचं. ऑपरेशनला घेतलं, पोट उघडलं आणि आमच्या मोठ्या सरांनी काहीही न करता परत शिवून टाकलं. रोग सगळीकडे पसरला होता. फार तर काही आठवडे, असं सरांनी दोन्ही मुलांना बाहेर पॅसेजमध्ये सांगितलं. मुलांनी हात जोडले, आईला कळू देऊ नका, ती खचेल. झालं! आजींना सांगायचं की आतड्याला सूज आहे. आता सूज म्हटली की पथ्य आलं, म्हणून थोरल्यानं मीठ बंद करवलं. (आत्या, याला कुठल्याही पुस्तकात आधार नाही. नाटक खरं वाटावं म्हणून!) आजी रोज मला विचारायच्या, सूज किती उतरली, घरी कधी सोडताय? त्यांना दुसरं काहीच नको होतं. स्वतःचं घर, शिलाई मशीनशेजारची स्वतःची खाट, बस. आणि मी रोज त्यांच्या पोटावर हात ठेवून म्हणायचे, उतरतेय हं आजी. इतकं धादांत खोटं मी शाळेत गृहपाठाबद्दलसुद्धा बोलले नव्हते. मोजके उरलेले दिवस असे अळणी जेवण्यात चालले होते आणि मी त्याला हातभार लावत होते.

तर परवा सकाळी भयंकर उकडत होतं. आजींच्या डोक्यावरचा पंखा नुसताच कुरकुरत होता. नर्सच्या टेबलाजवळची खाट रिकामी, आणि तिच्यावरचा पंखा झकास. माझ्या अंगात दया संचारली! वॉर्डातल्या मावशींना हाताशी धरलं (त्यांनी माझ्याकडे एकदा विचित्र नजरेनं पाहिलं, पण डॉक्टरीणबाई सांगतायत म्हटल्यावर गप्प राहिल्या) आणि आजींना तिकडे हलवलं. वॉर्ड एकदम चिडीचूप. समोरच्या बाईंनी आजींकडून घेतलेला सुईदोरा घाईघाईनं परत पाठवला. पलीकडच्या एकीनं हात जोडले ते जोडलेच. मला वाटलं, नवीन डॉक्टरच्या कामसूपणाचं कौतुक चाललंय. तेवढ्यात सून डबा घेऊन आली, तिनं दारातूनच पाहिलं आणि डबा हातातून सुटला. अळणी सूप फरशीभर. मग फोनवर फोन, आणि दुपारपर्यंत माणसांची ही रीघ! कित्येक वर्षं अबोला धरलेल्या जाऊबाई आल्या, त्यांनी आजींचे पाय धरून माफी मागितली. कशाबद्दल ते आजींना आठवेना. (त्यावरून पुन्हा थोडं भांडण झालं.) एक भाचा तर चक्क हार घेऊन आला होता, तो आमच्या मुख्य सिस्टरनं जिन्यातच काढून घेतला.

मग सिस्टरनं मला दंडाला धरून बाजूला नेलं. अगं, टेबलाजवळची ती खाट म्हणजे अगदी शेवटाला आलेल्या पेशंटची! सतत डोळ्यांसमोर राहावा म्हणून. तिथं गेलेलं माणूस परत आपल्या जागेवर येत नाही, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक, एक मला सोडून. ज्या गोष्टीचा चकार शब्द काढायचा नाही म्हणून सगळं घर जीव मुठीत धरून होतं, ती मी खाटेसकट जाहीर केली होती.

आजींनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि मला बोलावलं. खरं सांग, म्हणाल्या. मी मन घट्ट केलं, शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि शांतपणे, स्पष्ट शब्दांत सगळं सांगितलं. त्यांनी तोंड पुसलं. मग मुलांना आत बोलावलं. मला वाटलं, आता मायलेकरं गळ्यात पडणार. कसलं काय!

"मेल्यांनो, मग मला इतके दिवस अळणी कशाला खायला घातलंत?"

थोरला एवढा मिशीवाला माणूस, पण धाकट्याच्या मागे सरकला. आधी मीठ आणा आणि मग मला घरी न्या, असा हुकूम सुटला. घरी दुखायला लागलं तर काय करायचं, एवढंच तो कसाबसा बोलला, आणि धाकटा तर ओक्साबोक्शी रडायला लागला. तेवढ्यात मोठे सर आले. मी भिंतीला चिकटले. आणि सर चक्क स्टूल ओढून आजींजवळ बसले! (आत्या, सरांना बसता येतं हे मला परवा कळलं.) दुखू नये म्हणून औषधं घरीही देता येतात, आमची सिस्टर येऊन बघून जाईल, असं त्यांनी समजावलं आणि उद्या घरी सोडायचं ठरलं. मग मला बाहेर नेऊन, न विचारता पेशंट हलवल्याबद्दल असं झापलं की माझे कान अजून गरम आहेत. आत आजी बिस्किटाला मीठ लावून खात होत्या.

बाकी सर्व ठीक. आतोबांना नमस्कार, पोरांना एकेक चिमटा.

तुझी हादरलेली भाची

ता. क. वर मी शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांगितलं असं लिहिलंय, ते साफ खोटं आहे. मी तोंड उघडलं, 'आजी, पंखा' एवढंच म्हटलं आणि भोकाड पसरलं. उचक्या थांबेनात. त्यावरून त्यांना काय ते कळलं. त्यांनी आपल्या पेल्यातलं पाणी मला पाजलं आणि म्हणाल्या, "आता गप्प बस पोरी. रडायचा नंबर माझा आहे." मग त्या रडल्या. मी पेला धरून उभी होते.

आणखी एक, आणि पत्र खरं तर यासाठीच. आजींनी मला रविवारी घरी बोलावलंय, तपासायला नाही, नुसतं बसायला. अशा माणसाजवळ बसून काय बोलतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही. कुणी अंथरुणाला खिळलं की तू उशाशी जाऊन बसतेस. घरात सगळे त्यावरून तुझी थट्टा करतात, त्यात मीही असते. पण या वेळी माझ्याबरोबर चल. पहिल्यांदा फक्त. तू बोल, मी शेजारी बसेन. 'येशील ना?' असं आजींनी विचारलं आणि मी हो म्हणून बसलेय. त्यांना आजवर सांगितलेल्यातलं एवढं एक तरी खरं व्हायला हवं गं. शनिवारीच ये.