न दुखणारी छाती

सोमवार
नव्या शिवणकारखान्यात रुजू झालो. मी कापणारा मास्तर; टेबल वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी, उजेड भरपूर. कापड जमिनीवर पसरतात म्हणून वर सगळे अनवाणी. माणसं बरी आहेत, चहाही बरा आहे. जिना मात्र उभा. निम्म्यावर छाती आवळून आली. थांबलो, जिभेखाली गोळी ठेवली, गेलं दुखणं. डॉक्टर म्हणतात, हृदयाला रक्त कमी पडतं. पडेना का! कुठं थांबायचं ते दुखणंच मला सांगतं.

शनिवार
इथं चार महिने झाले. या आठवड्यात जिन्यात एकदाही दुखलं नाही. आज कापडाचे तागे मीच वर आणले. फोनवर लेकीला सांगितलं, तुझा बाप ठणठणीत झाला, गोळ्या बंद केल्या. ती चिडली, मी हसण्यावारी नेलं.

मंगळवार
जमिनीवरच्या कापडावर रक्ताचे ठिपके. कुणाच्या पायात टाचणी घुसली म्हणून मी सगळ्यांना झापलं. इस्त्रीवालीनं गुपचूप माझ्या टाचेकडे बोट दाखवलं. टाचणी डोक्यापर्यंत आत. सकाळपासून मी तिच्यावरच उभा होतो, आणि मला पत्ता नाही.

शुक्रवार
लेकीनं धरूनच डॉक्टरांकडे नेलं होतं. छातीला यंत्र बांधून एक दिवस कामावर पाठवलं. आज यंत्राचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, तुमच्या जुन्या साखरेच्या आजारानं नसा बधिर झाल्यात, पायातल्या आणि आतल्याही. "मास्तर, हृदय उपाशी पडतंच आहे. फक्त आता ते तुम्हाला सांगत नाही." काल गाणं गुणगुणत कापत होतो, तेव्हासुद्धा.
बुधवारी ऑपरेशन. तोवर लेकीकडे मुक्काम, जिना बंद.

रविवार
भीती वाटते. पूर्वी दुखलं की शिव्या घालायचो. आता दिवसभर छातीकडे कान लावून बसतो. राखणीचं कुत्रं भुंकेनासं झालं म्हणजे चोर गेला, असं थोडंच आहे?
पण असा भिऊन बसणार नाही. माझी कात्री कारखान्यात वर राहिलीय. तिनं कुणी कागद कापलेला मला खपणार नाही.

सोमवार
लेक कामावर गेली. मी इथं, कारखान्यात. जिना चढलो — एका दमात, मुद्दाम. दुख म्हटलं, एकदा तरी दुख.
नाही.
टेबलाशी बसलोय. घाम — सदरा भिजला. दम पुरत नाही. इस्त्रीवालीनं अँब्युलन्स बोलावली, लेकीलाही कळवलं. आडवे व्हा म्हणते. नाही होणार. यायचं तर समोरून ये —
हात जड. अक्षर —
छाती शांत. अजून काहीच दुख